त्या कपाळावरचं लाल बोट

मी एक काच बोलतेय. आरशाची नाही, खिडकीची नाही. चिमणाबाईच्या मोबाईलवर चिकटवलेली पातळ काच. दुकानदार मला ग्लास म्हणतो, चिमणाबाई झाकण म्हणते. माझ्या उजव्या कोपऱ्यातून तडा गेलाय, तो पार खालपर्यंत उतरलाय. चिमणाबाईच्या सुनेनं, शुभांगीनं, नवी काच आणून फडताळात ठेवलीय. आज मला सोलून टाकणार आहेत. जायच्या आधी बोलून घेते. हे पोटात ठेवून कचऱ्यात जायची मला लाज वाटते.

कारखान्याची फार आठवण नाही. भट्टीची धग आठवते, मग खोक्यातला अंधार आणि पाठीला पाठ लावून उभ्या बहिणी. डोळे उघडले ते नाशकात, रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात. चिमणाबाई फुलं विकून थेट तिथं आली होती. रिकाम्या टोपलीला अजून शेवंतीचा वास होता.

“याच्यावर झाकण बसवून दे रे. माझं बोट जड हाय.”

“मावशी, बोट जड नसतं, फोन नाजूक असतो.”

“मला नको शिकवू. बसव.”

दुकानदार खरं बोलला होता की ती, हे मला पुढं कळलं. बोट जडच होतं.

मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. झेंडू खुडून खुडून तिचा अंगठा हिरवा-काळा पडलेला. शाळा चौथीपर्यंत. वाचते ती अक्षर लावून लावून, लिहायचा कंटाळा. म्हणून माईकचं बटण दाबायचं नि बोलायचं, फोन आपोआप लिहितो. शुभांगीनं तिला रांगोळीच्या एका ऑनलाइन गटात घातलं. चांदवडच्या, त्र्यंबकच्या, नांदगावच्या, कुठकुठल्या बाया त्यात. आपल्या रांगोळीचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘चुका सांगा.’

चुका कोण सांगतंय? ‘मस्त ताई’, ‘लय भारी’, नाहीतर फुलांची, बदामांची चित्रं. मी काच आहे, अंगठा कसा पळतो ते मला बरोबर कळतं. कुणी फोटो मोठा करून बघतसुद्धा नसावं. सरकवता सरकवता एक फूल फेकायचं नि पुढं जायचं.

चिमणाबाई मात्र दोन बोटांनी फोटो ताणायची. चष्मा लावून कोपरा न् कोपरा बघायची. तिच्या आळीत चूक सांगायची एक रीत आहे. ‘सरक गं’ म्हणायचं, शेजारी फतकल मारून बसायचं, बिघडलेली रेघ तळहाताच्या कडेनं पुसायची आणि आपल्या चिमटीनं नीट करून द्यायची. वर दोन शिव्या, मग चहा. तीच रीत तिनं फोनवर आणली. शुभांगीनं तिला फोटोवर लाल रेघ ओढायला शिकवलं होतं. झालं. कुणाचाही फोटो घ्यायचा, त्यावर बोटानं रेघ मारायची आणि परत सगळ्यांपुढं टाकायचा.

नांदगावच्या तृप्तीनं एकदा मोर काढला. चिमणाबाई माईकमध्ये म्हणाली, “अगं, मोराला उंटाची मान बसवलीस!” आणि इतकी हसली की डोळ्याला पदर लावला. ते हसू मी पाहिलं. पोटातनं आलेलं, मायेचं. पण तृप्तीकडं नुसती अक्षरं गेली. ती पोरगी मोकळ्या मनाची, म्हणून निभावलं. तिनं लिहिलं, ‘मावशी, उंटाला उतरवते.’ दुसऱ्या दिवशी मोर असा आला की पिसं मोजावीत. त्यानंतर प्रत्येक फोटोखाली तिचं एकच असायचं, ‘चिमणामावशी, तुम्ही बघितलं का?’

मलाही माज चढला होता. खोटं कशाला बोलू? माझ्यावर ओढलेली लाल रेघ मला दागिन्यासारखी वाटायची.

मग एका दुपारी तृप्तीनं एका बाईचा चेहरा टाकला. डोक्यावरून पदर, कानाशी पिकलेल्या बटा, गालावर उन्हाची चमक. सगळं रांगोळीचं. खाली लिहिलेलं, ‘महिला मंडळाच्या प्रदर्शनात हीच काढायची आहे. पहिल्यांदाच इतक्या लोकांपुढं काढणार. चुका सांगा.’

चिमणाबाई ओट्यावर माळा करत बसली होती. समोर तिचा नवरा खंडेराव सुतळी वळत होता. तिनं फोटो ताणला.

“अवो, बघा तरी. एवढी मेहनत केली पोरीनं, आन् कपाळ भुंडंच ठेवलं. कुंकू इसरली!”

“असंल काही,” खंडेराव मान वर न करता म्हणाला. “आधी इचार तिला.”

“इचारायचं काय त्यात? दिसतंय ना.”

तिचं बोट आलं. त्या कपाळाच्या मधोमध माझ्यावर टेकलं आणि गोल फिरलं. लालभडक, रुपयाएवढं. मग माईक. “बाईचं चित्र हाय का भिंतीचं? आधी कुंकू लाव, मंग चुका इचार.” बोलताना ती हसतच होती. पाठवलं.

आणि त्या गटातल्या बाया, ज्यांनी कधी कुणाची चूक सांगितली नव्हती, त्यांनी हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पाडला. ‘मावशी रॉक्स.’ ‘भिंत! हाहाहा.’ मी चकाकत होते.

तृप्तीचं उत्तर आलं. लांब होतं म्हणून चिमणाबाईनं शुभांगीला वाचायला दिलं. शुभांगी मोठ्यानं वाचू लागली.

‘मावशी, ही माझी आई आहे. दिवाळीत वडील गेले, तेव्हापासून ती कुंकू लावत नाही. मी तिला आजवर कुंकवासकटच काढत आले. या वेळी आहे तशी काढली. डोळे, नाक सगळं जमलं. कपाळ मोकळं ठेवताना मात्र हात तीनदा मागं घेतला. तुम्ही त्यावर बोट ओढलंत.’

चिमणाबाईनं फोन हातात घेतला तोवर फोटो गेलेला होता. तृप्तीही गटातून गेलेली होती. चिमणाबाईनं स्वतः पाठवलेला तो लाल कपाळाचा फोटो तेवढा राहिला होता. तिनं पदर घेतला आणि ती मला पुसायला लागली. घासून घासून पुसत होती. अगं बाई, ते माझ्यावर असतं तर केव्हाच निघालं असतं!

“आई, तसं नाय जात ते. आणा, मी काढून टाकते,” शुभांगी म्हणाली.

फोन देता देता हातातून निसटला, शहाबादी फरशीवर तोंडावर पडला. हा तडा त्याचा. तडा गेल्याचं मला काही वाटलं नाही. पण ती गोल रेघ ओढताना मी गुळगुळीत राहिले, कुठं अडले नाही, याची शरम वाटली. एवढ्या दिवसांत तिचं हसू मी एकटीनं पाहत आले आणि मला ते पलीकडं पोचवता येत नाही, हे मला ठाऊक असून मी मिरवत होते.

चिमणाबाईनं गटात बोलून टाकलं, “माझं चुकलं. एका माऊलीचं कपाळ मी बाजारात मांडलं. हसलेल्यांनी आपापलं बघावं.” त्यावरही दोघी-तिघींनी फुलं टाकली. काय म्हणावं?

चांदवडची अंजली तो गट चालवते. तिच्याकडून तृप्तीचा नंबर मिळवला. तृप्ती फोन कापायची. “आई, तोंड दाखवून बोला. तुमचं नुसतं लिहिलेलं टोचतं,” शुभांगीनं सुनावलं. सासूला असं बोलायची तिची ही पहिलीच वेळ, आणि चिमणाबाईनं ते मानलं. मग व्हिडिओ लावला.

उचलला तो तृप्तीनं नाही. माझ्या तड्याखाली एक चेहरा उजळला. तोच पदर, त्याच बटा, तेच मोकळं कपाळ. तृप्तीची आई, ठमाबाई.

चिमणाबाईनं हात जोडले.

“तुम्हीच का त्या उंटाच्या मानेवाल्या?” ठमाबाई म्हणाली. “लय हसले होते मी तवा.”

“ताई, मला माहीत नव्हतं...”

“ते दिसलंच. इचारलं असतं तर कळलं असतं.” आवाजात धार नव्हती, पण गूळही नव्हता. “माझं कपाळ मला जड नाय हो. पोरीला जड झालंय. रांगोळीचे डबे माळ्यावर टाकलेत तिनं. म्हणते, आता हात लावायची नाय. त्याचं काय ते सांगा.”

चिमणाबाईनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्यावर पडलं आणि तड्यात शिरलं.

“तिला म्हणावं, चित्र तुमच्यावानीच झालं होतं. मी कपाळच बघत बसले, बाई बघितलीच नाय.”

पलीकडून कुणीतरी दार आपटलं. “ऐकलं तिनं,” ठमाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रदर्शन होऊन गेलं. अंजलीनं तिथले फोटो टाकले. तृप्तीच्या नावाचा एक चौकोन आखलेला होता, आत काही नव्हतं. चिमणाबाईनं तोही दोन बोटांनी ताणून पाहिला. त्यानंतर तिनं गटात कुणालाच काही सांगितलं नाही. फुलंसुद्धा टाकली नाहीत.

आज सकाळी शुभांगीनं नवी काच काढली, मऊ फडकं घेतलं, माझ्या कोपऱ्याखाली नख घातलं. तेवढ्यात फोन वाजला. तृप्तीनं फोटो पाठवला होता. गटात नाही, एकट्या चिमणाबाईला. अंगणात रांगोळीनं काढलेली ठमाबाई, कपाळ मोकळं. खाली दोनच शब्द, ‘चुका सांगा.’

“थांब गं,” चिमणाबाई सुनेला म्हणाली. चष्मा लावला. तिचं बोट आलं, माझ्यापासून केसभर वर थांबलं आणि मागं गेलं. मग तिनं व्हिडिओचं बटण दाबलं.

तृप्तीच्या बोटांना रांगोळी लागलेली होती.

“तृप्ती, आधी एक इचारते,” चिमणाबाई म्हणाली. “हनुवटीखालची सावली इतकी काळी मुद्दाम ठेवलीस, का हात सुटला?”

तृप्तीनं मागं वळून रांगोळीकडं पाहिलं. “हात सुटला, मावशी.”

“मग सरक गं. सांगते.”

आता त्यांचं बोलणं चाललंय. संपलं की मी निघाले. तुम्ही कुणाच्या चित्रावर बोट ठेवाल, तेव्हा मध्ये माझीच एखादी बहीण असेल. तिला तुमचा चेहरा पलीकडं नेता येत नाही, आणि तिला अडताही येत नाही. बोट टेकायच्या आधी तुम्हीच थांबा. विचारा. आमची लाज तुमच्याच हातात आहे.