दादाने किडनी मागितली

संदीपने फोनवर किडनी मागितली आणि अश्विनी ओट्याला धरून उभी राहिली. तिचा हा मोठा भाऊ दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा पांढुर्ण्याहून नागपूरला डायलिसिसला जात होता, पण बहिणीकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं. ती हो म्हणाली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

किडनी द्यायची तिला भीती नव्हती. भीती होती तपासणीची. त्यांचे बाबा वामन अंग सुजून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा कोणी कावीळ म्हटलं, कोणी दारू. बाबांनी तर कधी दारूला हात लावला नव्हता. संदीपचं निदान झालं तेव्हा कुठे कळलं, की दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि आजार बापाकडून लेकरांत उतरतो. उतरेल किंवा नाही, शक्यता अर्धी-अर्धी. बहिणीचीही सोनोग्राफी करा, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. अश्विनी लोधीखेड्याच्या शाळेत शिकवायची. कधी परीक्षेचं कारण, कधी लेकीच्या तापाचं, असं करत तिने ते टाळलं. मधूनच कंबर दुखली की मात्र तिला दरदरून घाम फुटायचा.

नवरा अंकुश तिच्यासोबत नागपूरला आला. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर आधी शाळेबद्दल विचारत होते. मग पोटावरून फिरणारं यंत्र एकाच जागी थांबलं. डॉक्टरांनी दुसरी कूसही पाहिली. गाठी दोन्हीकडे होत्या.

त्याच इमारतीत संदीप डायलिसिसच्या पलंगावर पडला होता. हाताला नळ्या लावलेल्या. ती त्याच्याजवळ बसली.

"दादा, मलेबी हाये तेच. माही किडनी तुले चालत नाही."

संदीपने डोळे मिटले.

"मले पाहिजेच नव्हती ते," तो म्हणाला.

"मंग मागितली कायले?"

"सोतासाठी तू आली नसती. माह्यासाठी येशीन, हे माहीत होतं. माहं समजलं तवा दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. बाबाचं तं समजलंच नाही. तुह्या अजून चालून राहिल्या ना?"

चालत होत्या. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. बीपी मात्र वाढलेलं निघालं, आणि ते कधीपासून होतं कोण जाणे. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. किडन्या किती वर्षं साथ देतील, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. सहा वर्षांच्या लेकीचं, सुप्रियाचं काय, असं तिने विचारलं. तिलाही अर्धी-अर्धी, ते म्हणाले. आत्ता मोठ्या तपासण्या नकोत, पण वर्षातून एकदा बीपी बघत जा.

सौसरला घरी परतल्यावर दोन दिवस तिला लेकीच्या तोंडाकडे बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती बीपी मोजायला सरकारी दवाखान्यात गेली. सुप्रिया हट्टाने मागे आली होती. अश्विनीचं मोजून झाल्यावर सिस्टरने विचारलं, "पोरीचंबी पाहू का?"

बाहेर निघून जावं, असं अश्विनीला वाटलं. मग तिने लेकीला स्टुलावर बसवलं आणि तिची बाही वर सारली.