काचेतला काळा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना काळा पट्टा आहे, कराटेचा. परवापर्यंत दिसत होतो मात्र नवाकोरा, आणि त्याचीच मला लाज वाटायची.

जन्माने मी पांढरा. खडकीच्या क्वार्टरमधल्या छोट्या नम्रताच्या कमरेला मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा ती जिना चढली तरी धापा टाकायची आणि वर्गात नाव पुकारलं तरी रडायची. कराटेचे रंगनाथ सर म्हणायचे, "ओरड गं! शेजारच्यांना कळू दे, तू आहेस." पहिली आरोळी उंदराएवढी निघाली. हळूहळू श्वास पुरू लागला, पाठ ताठ झाली. राग आला की ती आधी लांब श्वास घ्यायची, मग बोलायची. दर परीक्षेनंतर तिची आई मला पुढच्या रंगाच्या पातेल्यात बुडवायची. असा मी काळा झालो. रोज बांधून बांधून माझ्या कडा झिजल्या, आतलं पांढरं सूत दिसू लागलं. सरांच्या वर्गात अशा कडांना फार मान होता.

मग नम्रताला हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली. "या रविवारी वर्गाला नक्की जाईन," असं ती म्हणत राहिली आणि मी कपाटात गेलो. नवा फ्लॅट घेतल्यावर तिने मला रंगाऱ्याकडून काळा कुळकुळीत करून घेतलं आणि काचेच्या चौकटीत बसवलं. पाहुणे म्हणायचे, "बाप रे, ब्लॅकबेल्ट!" इकडे तिची मान आखडलेली, झोप उडालेली, घरच्यांवर उगाच खेकसणं चालू, आणि मी भिंतीवर बसून फुकटचं कौतुक खात होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्याकडे बघूनच तिला वाटायचं, आपलं सगळं ठीक चाललंय.

परवा सर घरी आले. लिफ्ट बंद होती. सत्तरीतले सर जिना चढून शांत उभे, आणि त्यांना आणायला खाली गेलेली नम्रता दाराला टेकून दम खात होती. सरांनी चष्मा पुसून मला पाहिलं.

"कडा कुठं गेल्या?"

"खराब दिसत होत्या, सर. रंगवून घेतला."

"छान! इतक्या वर्षांचा घाम रंगाऱ्याला देऊन टाकलास."

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, आता जमेल का हो मला?"

"आधी काच तर उघड."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बाहेर काढलं. मी कमरेला जेमतेम पुरलो. थोड्याच वेळात तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. घामाने माझा उसना रंग सुटला आणि तिच्या पांढऱ्या गणवेशावर काळे ओघळ उतरले. "असू दे," ती म्हणाली आणि पुन्हा उभी राहिली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ भिंतीवर टांगलेला असेल, तर त्याला खाली काढा हो. तो बिचारा कौतुक ऐकून ओशाळलाय.