तेमूलेनचा पासपोर्ट

"पासपोर्ट त्याचा आहे. मग तो कुठाय?" फान सूझननं चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

टेबलापलीकडे तेमूलेनची आई बसली होती. ओयुनगेरेल तिचं नाव. तीन दिवसांचा प्रवास करून ती मंगोलियाहून आली होती. सरहद्दीवर लोकर विकता विकता शिकलेली मोडकी चिनी तिला येत होती. पासपोर्टात अठरा एप्रिलचा विद्यार्थी-व्हिसा चिकटवलेला होता.

"एकवीस तारखेला नदीवरचा बर्फ फुटला," ती म्हणाली. "मेंढरं काढायला गेला होता. बुडाला."

सूझननं पासपोर्ट हळूच मिटला. एकोणीस वर्षं ती या कुंगफूच्या शाळेत परदेशी मुलांची प्रवेशपत्रं करत होती. त्या पत्राशिवाय व्हिसा नाही. कागदातली बारीकशी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि त्याचा तिला अभिमान होता. तेमूलेनचा अर्ज जानेवारीत तिनंच परत पाठवला होता. त्याच्या नावाच्या जागी बापाचं नाव, बापाच्या जागी त्याचं. दुरुस्त होऊन येईतो मार्चची तुकडी भरली, म्हणून तिनं त्याला मेमध्ये ढकललं. मार्चमध्ये आला असता तर एप्रिलात तो इथे असता.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. बाईला काय कळणार होतं? पण तिला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. पेनानं दोन बाण काढून नावांची अदलाबदल केली असती तरी भागलं असतं, हेही सांगितलं.

ओयुनगेरेलनं पासपोर्ट स्वतःकडे ओढून घेतला.

"म्हणजे त्या तुम्हीच होय. फार चिडला होता तुमच्यावर. म्हणायचा, तिथं एक म्हातारी बसलीय, तिला माझ्या बापाचं नाव खुपतंय."

तिनं दोष दिला नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. पोरगा पहिल्या दिवशी इथं काय शिकला असता, एवढंच विचारलं.

सूझन तिला पटांगणावर घेऊन गेली. वस्ताद गेंगना तिनं दोन वाक्यांत काय ते सांगितलं. ऐकून ते ओयुनगेरेलकडे वळले.

"पहिला महिना दुसरं काही नाही, ताई," ते म्हणाले. "घोडबैठक. गुडघे वाकवून नुसतं उभं राहायचं."

त्यांनी दाखवलं तशी ओयुनगेरेल मुलांच्या रांगेच्या टोकाला उभी राहिली, प्रवासातल्या धुळकट बुटांसकट. सूझनला काय वाटलं कोण जाणे. ती पुढे झाली आणि शेजारी उभी राहून तिनंही गुडघे वाकवले. मिनिटभरातच तिच्या मांड्या लटपटू लागल्या.

"कंबर अजून खाली," ओयुनगेरेल समोर बघतच हळू म्हणाली.

सूझननं कंबर खाली घेतली.