विचारल्याशिवाय

शनिवारच्या सभेला खुर्च्या चोवीस होत्या आणि माणसं सहा. सातवे बंधू, एक निवृत्त नकाशाकार, आदल्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात लेकीकडे कायमचे राहायला गेले होते. लागोपाठ दोन सभांना सातपेक्षा कमी बंधू हजर असतील तर लॉजची सनद मुख्यालयाला परत करायची, असा नियम होता. ही पहिली सभा. दुसरी चार आठवड्यांनी.

चिटणिसांनी हे सगळं इतिवृत्तात लिहिलं आणि वाचून दाखवलं. आयुष्यभर ते वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. वाचता वाचता त्यांनी या वाईट बातमीतलीही एक वेलांटी दुरुस्त केली.

लॉज म्हणजे बंधूंचं मंडळ. कोणी आजारी पडला तर पाळीने त्याच्या उशाशी बसायचं, कोणी गेला तर त्याच्या घरच्यांची कागदपत्रं करून द्यायची आणि महिन्यातून एकदा खांद्यावर निळा पट्टा घालून सभा भरवायची. यात चिटणिसांची चौतीस वर्षं गेली होती. पत्नी गेल्यावर गेली सहा वर्षं त्यांच्या महिन्याला आकार होता तो या शनिवारामुळे.

"बोलवायचंच असतं तर मी गिऱ्हाइकांतून वीस जण उभे केले असते," द्वारपाल म्हणाले. द्वारपाल हे सभेतलं पद; एरवी त्यांची बेकरी होती.

"बोलवायचं नाही. कलम चार."

"तुझं कलम चार आपल्याला गिळणार आहे बघ."

कलम चार सगळ्यांना पाठ होतं: 'विचारल्याशिवाय कोणासही बंधू करून घेऊ नये.' ज्याला यायचंय त्याने आपण होऊन विचारावं. बंधूने कोणाला 'येतोस का' म्हणायचं नाही. चिटणीस स्वतः असेच आले होते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका बंधूला 'मी येऊ का' एवढं विचारायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

अध्यक्ष दंतवैद्य होते. माणसाला न दुखवता काम कसं काढावं हे त्यांना कळत असे. ते म्हणाले, "बोलवू नका. नुसते दिसा. दारावर दिव्याची पाटी लावू. पाटी म्हणजे काही आमंत्रण नव्हे."

पाटीचा मसुदा चिटणिसांकडे आला. 'बंधुभावाचे मंडळ, सर्वांचे स्वागत' हे सरळ आमंत्रण होतं, ते खोडलं. 'चौकशी आत' यातही थोडी ओढ वाटत होती, तेही खोडलं. खोडत खोडत ते एका शब्दावर आले. तीन दिवसांनी दारावर लाल अक्षरं पेटली: लॉज.

पाटी बसवली चिटणिसांच्या जावयाने. तो लिफ्ट दुरुस्त करत असे. दर सभेला सासऱ्यांना गाडीतून आणायचं, दोन तास बाहेर गाडीत बसायचं आणि परत न्यायचं, हे तो अकरा वर्षं करत आला होता. द्वारपाल मध्येच त्याला बिस्किटं नेऊन देत.

"बाबा, एवढंच लिहायचं?" त्याने विचारलं होतं.

"एवढंच."

"बरं."

अठरा दिवसांत नऊ माणसं आली. चिटणीस रोज संध्याकाळी वही घेऊन दाराशी बसत. पहिलं जोडपं दोन बॅगा घेऊन आलं आणि त्यांनी खोली मागितली. दुसऱ्याने गरम पाणी किती वाजता येतं ते विचारलं. औषधांच्या एका विक्रेत्याने आत डोकावून निळे पट्टे पॉलिश करत बसलेले तीन म्हातारे पाहिले आणि म्हणाला, "खोल्या दिसत नाहीत, मग पट्टे पॉलिश करायला एवढा स्टाफ कशाला?"

"पट्ट्याचे बिल्ले," द्वारपालांनी सांगितलं. "पट्टे पॉलिश करत नाहीत."

विसाव्या दिवशी पाटी उतरवायची ठरली. जावई शिडीवर चढला, चिटणिसांनी शिडी धरली.

"लावतानाच मला वाटलं होतं, लोक खोली मागायला येतील म्हणून," जावई वरून म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही."

चिटणिसांना ते लागलं. "तुम्हीही कधी विचारलं नाहीत. अकरा वर्षं बाहेर बसता. एकदा तरी म्हणायचं, बाबा, मी आत येऊ का. मी वाट बघत होतो."

जावई पाटी काखेत घेऊन खाली उतरला. "मी विचारायचं होतं?"

"कलम चार."

"ते मी वाचलंय. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. तुमच्या टेबलावर नियमांची वही उघडी होती. विचारल्याशिवाय कोणाला घेत नाहीत. म्हटलं, विचारतील. पुढं म्हटलं, लिफ्टवाल्याला कशाला विचारतील." तो रागावून बोलत नव्हता. बोलता बोलता वायर गुंडाळत होता.

चिटणीस आत गेले. चष्मा पुसला आणि वही काढली. कलम चार त्यांनी एक एक अक्षर बोटाखाली घेऊन वाचलं, जसं दुसऱ्याचं लिखाण वाचत असत तसं. वाक्यात कर्ता नव्हता. कोणी विचारायचं, कोणाला विचारायचं, काहीच लिहिलेलं नव्हतं. असं वाक्य उपसंपादकाकडून आलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह काढून त्यांनी ते परत पाठवलं असतं.

वही घेऊन ते बेकरीत गेले. अध्यक्ष तिथेच पाव घ्यायला आलेले होते.

"म्हणजे आपण आत बसून वाट बघत होतो," द्वारपाल म्हणाले, "आणि लोक बाहेर."

"लोक नाही. एक तरी नक्की."

"माझा मेहुणा धरून दोन. मी समजत होतो त्याला आवड नाही."

अध्यक्षांनी निर्णय दिला. "जावयाला तू विचार. नाहीतर पुढच्या वेळी तो दाढ दाखवायला आला की मी विचारतो. तोंड उघडं असेल, नाही म्हणता यायचं नाही."

"मीच विचारतो," चिटणीस म्हणाले.

वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. लेकीच्या घरी जाईपर्यंत त्यांनी वाक्य तीनदा बदललं. जेवणं झाल्यावर ते दोनदा उठले, दोनदा बसले.

"बाबा, पाणी हवंय का?" लेकीने विचारलं.

"नको." मग जावयाकडे वळून म्हणाले, "तुम्ही लॉजमध्ये येता का?"

"का, घरातून काढताय का त्यांना?" लेक म्हणाली. "आणि मला विचारायचं कलम कितवं?"

जावई हसला नाही. "सातवा माणूस कमी पडतोय म्हणून विचारताय?"

चिटणिसांनी घाई केली नाही. "आज विचारतोय ते त्यासाठीच. खोटं कशाला बोलू. पण अकरा वर्षांपूर्वी विचारायचं होतं, ते राहिलं. त्यात सनदेचा काही संबंध नाही. माझी चूक आहे."

"विचार करतो," जावई म्हणाला.

त्यानंतरचे पाच दिवस त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. लेकीने फोनवर नुसतं सांगितलं, "ढवळू नका."

शनिवारी नेहमीच्या वेळी गाडी सभागृहासमोर थांबली. चिटणीस उतरले. पुन्हा विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. जावयाने आपल्या बाजूची काच वर केली. उन्हापावसात ती दोन तास अर्धी उघडी असे. मग त्याने किल्ली काढली.

"आत काय म्हणायचं असतं?"

"काही नाही. ते विचारतील, तुम्ही उत्तर द्यायचं."

"आणि मला काही विचारायचं असेल तर?"

"विचारा की."

नियमाप्रमाणे आधी मतदान, मग शपथ, मग हजेरी. इतिवृत्तात चिटणिसांनी लिहिलं: हजर सात. पुढच्या सभेपर्यंत प्रत्येक बंधूने निदान एका माणसाला विचारावं, असं ठरलं. द्वारपालांनी तिथेच मेहुण्याला फोन लावला आणि अध्यक्षांनी त्यांना फोन संपेपर्यंत बाहेर घालवलं.

शेवटचा विषय चिटणिसांनी मांडला. कलम चारमध्ये कर्ता घालावा, म्हणजे पुन्हा गोंधळ नको.

"राहू दे तसंच," नवा बंधू म्हणाला आणि ओशाळून थांबला. "म्हणजे, राहू द्या, बाबा. असं दोन्ही बाजूंनी विचारता येतं."

सूचना सहा विरुद्ध एक मताने फेटाळली गेली. ते एक मत कोणाचं, हे चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिलं आणि त्याखाली सही केली.