विठाबाईची जागा

"आता हा बघा आमच्या आईचा पराक्रम!"

नंदूने रिमोट दाबला आणि टीव्हीवर विठाबाई अवतरल्या. पायात नातीचे पांढरे बूट, हातात कच्च्या मासळीची प्लास्टिकची पिशवी, आणि मागे डोंगरभर निळी, गुलाबी, पिवळी घरं. मालविका खुदकन हसली. शुक्रवारची सुट्टी होती, म्हणून ती आणि तिचा नवरा दोह्यातल्याच अल दुहैल भागातून नंदूकडे, अल हिलालला जेवायला आले होते. कोरियाची सहल दाखवल्याशिवाय नंदू कुणाला जेवू घालणार नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत विठाबाईही फोटो बघत होत्या. काय हो हा अवतार, त्यांच्या मनात आलं. केवढी दमलेली दिसते ही बाई!

दमल्या होत्याच. दीड वर्ष झालं त्यांना दोह्यात येऊन. नंदू आणि सून नमिता दोघं सकाळी ऑफिसला जात, नात इरा शाळेला. मग दिवसभर एसीची घरघर आणि त्या. काम फारसं नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत अंगातलं त्राण जाई. रिकामं बसण्यासारखं दुसरं थकवणारं काम नाही, हे त्यांना इथं आल्यावरच कळलं.

त्यांचा जीव अडकला होता गावाकडे, हर्णैच्या मासळीबाजारातल्या जागेत. चार हात लांब नि दोन हात रुंद, पण सासूनंतर त्यांच्याकडे आलेली. त्या बाजाराची एक रीत होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, होड्या गेल्या, की पहिल्या मासळीच्या दिवशी ज्या जागेवर जी बाई भवानी करील, म्हणजे पहिली विक्री, तिची ती जागा वर्षभर. मागच्या वर्षी शेजारच्या मुक्ताबाईने विठाबाईंच्या नावाने भवानी करून जागा राखली होती. यंदा स्वतः जाऊन बसायचं, असं विठाबाईंनी नंदूला दहादा सांगितलं होतं. तो म्हणायचा, "इन्शाल्ला, आई, बघू." मग कोरियाची तिकिटं निघाली. "तिकडून आलो की पाठवतो," म्हणाला. येऊन आठवडा झाला होता. पौर्णिमा परवाच होऊन गेली होती.

"पण ही मासळी कुठली?" मालविकाने विचारलं.

"अगं, तीच तर गंमत," नमिता म्हणाली. "बुसानला सकाळी आम्ही त्या प्रचंड मोठ्या फिश मार्केटमध्ये गेलो. आई एकदम सुटल्याच! आम्ही मागे, त्या पुढे."

खरंच सुटल्या होत्या. आठवड्याभराच्या सहलीत तेवढी एकच जागा त्यांना ओळखीची वाटली. ओली फरशी, बर्फाचा चुरा, रबरी बूट घातलेल्या बायका. आणि बायका तरी कशा? साठीच्या, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत! कुणी त्यांना म्हणत नव्हतं की आता बस झालं, घरी आराम कर. विठाबाईंचा ऊर भरून आला. एका म्हातारीच्या पाटापुढे त्या बसल्या, सवयीने एक बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला. लालभडक. म्हातारी हसली.

तेवढ्यात नंदू म्हणाला, "आई, चल. यल्ला. गाव बघायचंय अजून."

विठाबाई उठेनात. म्हातारीची रास मोडलेली नव्हती, गल्ल्याचा डबा रिकामा होता. भवानी व्हायची होती बिचारीची. आणि आपण मालाला हात लावून बसलो!

"हात लावून तसंच उठायचं नसतं, नंदू. दिवस बुडतो तिचा."

"अगं, हॉटेलात कुठे शिजवणार?"

"नको शिजवू. घे."

शेवटी नंदूने पैसे काढून दिले. म्हातारीने ती नोट कपाळावरून, केसांवरून फिरवली आणि विठाबाईंकडे बघून मान डोलावली. तेवढ्यानेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि मग ती पिशवी घेऊन आम्ही त्या रंगीत गावात!" नंदू पाहुण्यांना सांगत होता. "हे एवढे जिने! उन्हात माशांचा वास. लोक बाजूला सरकत होते. इरा तर ओळखच दाखवेना."

"इट वॉज स्टिंकिंग, बाबा!" इरा म्हणाली.

"शेवटी आईने काय करावं? एका निळ्या घराच्या पायरीवर एक आजीबाई बसली होती, तिच्या मांडीवर पिशवी ठेवून मोकळी!"

सगळे हसले. विठाबाईंना आठवली ती बाई. रस्त्यावरचे लोक तिच्या भिंतीचे फोटो काढत होते, आणि ती गुडघे चोळत बसली होती. रंग दिला म्हणून जिना थोडाच कमी होतो?

"पण काकू, तुम्हाला माशांतलं इतकं कसं कळतं?" मालविकाने विचारलं.

"समुद्रकाठचं गाव ना आमचं," नंदू घाईने म्हणाला.

"मी विकायची," विठाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून. हा त्याच्यावरच शिकला."

नमिताने "चला, पानं घेऊ या" म्हणून वेळ मारून नेली. सगळे टेबलाशी बसले, आणि विठाबाईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून इराने नेहमीसारखा स्पीकर लावला.

"काकी, मी मुक्ता. काल बसले गो तुमच्या जागेवर. नंदूने मागच्या महिन्यातच कळवलं होतं, आई आता तिकडेच राहणार, तुझ्याच नावाने बस. तरी म्हटलं, काकींना सांगितल्याबगर राहायला नको."

विठाबाईंनी लेकाकडे पाहिलं. लेक ताटाकडे बघत होता.

"भवानी झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली, काकी. सुरमई गेली पहिली."

"मग बस, बाय. भवानी झालेल्या बाईला उठवायचं नसतं. सुखानं बस."

फोन बंद झाला. मालविकाचा नवरा उगाच पाणी प्यायला.

"आई, तुला आराम मिळावा म्हणून केलं गं," नंदू हळूच म्हणाला. "किती दिवस त्या चिखलात बसणार?"

"ठाऊक हाय मला. पर एवढा लांबचा मुलूख दाखवलास, गावची पौर्णिमा निघून जावी म्हणून. त्यापेक्षा मला विचारायचंस, नंदू. एकदा विचारायचंस." त्यांचा आवाज चढला नाही. रागवायलाही अंगात ताकद लागते. "माजं तिकीट काढ."

"आता कशाला? जागा तर गेली."

"जागा गेली. पाटी हाय ना माजी. डोक्यावर घेईन नि दारोदार फिरेन."

"या वयात? आई, गावातले लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, विठा आली, मासे घ्या."

त्यांनी भाताचं पातेलं उचललं. आधी पाहुण्यांना वाढलं, मग इराला, नमिताला. नंदूला वाढतानाही एकही शीत त्यांनी ताटाबाहेर सांडू दिलं नाही.