माझ्या चिठ्ठीवर 'शेळी' लिहिले आहे

मी एक जुनी काचपट्टी आहे. नागपुरातल्या एका पशुवैद्यक महाविद्यालयाच्या लाकडी खणात मी पडून असते. माझ्या चिठ्ठीवर 'शेळीची श्वासनलिका' असे लिहिले आहे. ते खोटे आहे, आणि मी ते कधीच मान्य केलेले नाही.

मित्रांनो, माझ्यावर आहे तो कुत्र्याच्या श्वासनलिकेचा काप. १९७१ साली नंदनवनच्या रस्त्यावर तो कुत्रा ट्रकखाली सापडला. प्रयोगशाळेतले मदतनीस धोंडबा यांनी त्याच्या गळ्यातला तुकडा आणला, मेणात बसवला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापला आणि माझ्यावर चिकटवून निळ्या-गुलाबी रंगात बुडवला. सूक्ष्मदर्शकातून पाहिले की आतल्या कडेला धूळ बाहेर लोटणारे बारीक केस दिसतात. त्यांच्याभोवती कूर्चेचे कडे असते. ते पाठीच्या बाजूला उघडे असते आणि ती फट एक स्नायू सांधतो. शेळीत हा स्नायू कड्याला आतून जोडलेला असतो, कुत्र्यात बाहेरून. माझा बाहेरून आहे.

चार वर्षांनी प्रयोगशाळेला चुना मारताना आमचे ट्रे भिजले, चिठ्ठ्या सुटल्या. कोणीतरी त्या अंदाजाने चिकटवल्या. धोंडबांनी विभागप्रमुखांना दोनदा सांगितले. "तुम्ही काचा पुसा," एवढेच उत्तर मिळाले. मग प्रत्येक वर्गाला मला शेळीची म्हणून दाखवू लागले. मुले धड न पाहताच वहीत उतरवून घेत. मला संताप येई.

१९७८च्या परीक्षेत चिठ्ठी झाकून मला मांडले. एकोणतीस जण 'शेळी' म्हणून गेले. मग सावनेरकडची पंचफुला आली. वर्गातली ती एकटी मुलगी. ती कितीतरी वेळ डोळा लावून राहिली.

"कुत्रा, सर," ती म्हणाली.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी उत्तरांची यादी पाहिली. "शेळी आहे. नीट बघा. एवढंही ओळखता येत नसेल तर नापास व्हाल."

तिने पुन्हा एकदा डोळा लावून पाहिले. "सर, स्नायू बाहेरून लागला आहे. मी शेळी कशी म्हणू?"

"म्हणजे आमची यादी चूक?"

"यादीचं मले माहीत नाही सर. जे दिसून राहिलं तेच मी सांगून राहिली."

धोंडबा दारापाशी उभे होते. ते कपाटाकडे गेले, एक नवी काच काढली आणि शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली लावली. "साहेब, हे बकरीची. मागच्या महिन्यात म्याच कापली. ते कुत्र्याचीबी माह्याच हातची आहे. तुमीच पाहून घ्या."

"धोंडबा, बाहेर जा," परीक्षकांशेजारी बसलेले विभागप्रमुख म्हणाले. धोंडबा हलले नाहीत.

परीक्षक वाकले. आधी शेळी पाहिली, मग मला, मग पुन्हा शेळी. "मुलीचं बरोबर आहे," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी तिला पूर्ण गुण दिले.

चिठ्ठी मात्र विभागप्रमुखांनी बदलू दिली नाही. पुढे धोंडबा निवृत्त झाले. पंचफुला उमरेडला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर झाली. भिंतीवर रंगीत तक्ते आले आणि मी खणात गेले.

मित्रांनो, माझी कीव करू नका. शंभर जणांनी शेळी म्हटले तरी मी शेळीची होणार नाही. मला काठाने धरा, मऊ फडक्याने पुसा, उजेडात ठेवा. चिठ्ठी राहू द्या हवी तर. फक्त ती वाचायच्या आधी डोळा लावून पाहा, आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगा.