मीनाबाईचा डबा आणि माझा उजवा बंद

मित्रांनो, मी जुनी आहे हे तुम्ही माझ्या वासावरूनच ओळखलं असेल. नाकाला रुमाल लावलात तरी मला राग यायचा नाही. मी ताडपत्रीची पाठपिशवी. मालगाडीवर ऊनपाऊस खाऊन विटलेली एक ताडपत्री कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात भंगारात निघाली, आणि तिथल्या धर्मपाल नावाच्या खलाशानं, म्हणजे मदतनीस कामगारानं, साहेबाला विचारून तिचा धड तुकडा घरी आणला. दाभण आणि सुतळी घेऊन तो चाळीच्या ओट्यावर मला शिवत बसला, तेव्हा शेजारची भीमाबाई म्हणाली, "काय वो भावजी, घोड्याचं खोगीर शिवताय व्हय?"

"न्हाय वयनी. डोंगरावर जायचंय, मीनाला घिऊन."

"अगो बया! तितं काय हाय?"

"पाणी हाय," धर्मपाल म्हणाला.

यावर भीमाबाई हसली नाही. मीनाबाईचं, म्हणजे धर्मपालच्या बायकोचं दुखणं सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात धर्मपाल कारखान्यात नवाच लागला होता. मीनाबाई करमाळ्याकडच्या गावी सासूजवळ राहून दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एके दुपारी टँकरची रांग सरकत सरकत तिच्या घागरीपर्यंत आली आणि पाणी संपलं. सासू तिकडं बाभळीखाली उन्हानं तळमळत पडलेली. दुसरा टँकर यायच्या आत म्हातारी गेली. मग मीनाबाई कुर्डुवाडीला नवऱ्यापाशी आली खरी, पण घरात हंडे, वाट्या, चहाचे कपसुद्धा सदा पाण्यानं भरलेले. नळ सोडून ती कुठं जायची नाही. सख्ख्या भावाच्या लग्नालाही गेली नाही. धर्मपालनं समजावलं, रागावून पाहिलं, दवाखाना केला. शेवटी त्याच्या डोक्यानं एकच घेतलं, की हिला एकदा अशा जागी न्यायचं जिथं पाणी नुसतं वाहून जातं आणि त्याच्यामागं कुणी धावत नाही. ते बघितलं की हिची भीती जाईल. मित्रांनो, माझा जन्म त्यासाठी झाला.

दसरा सरल्यावर धर्मपालचा रेल्वेचा फुकट पास निघाला. "नळ आला की मी भरते तुझी भांडी, जा की गं आता," असं भीमाबाईनं शपथ घालून सांगितलं, तेव्हा कुठं मीनाबाईचं पाऊल हललं. माझ्या पोटात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक घोंगडी, एवढंच येणार म्हणून मी खुशीत होते. पण कसचं काय! बाईनं गोड्या तेलाचा भलाथोरला डबा, झाकणाला कथलाची झाळ देऊन बूच बसवलेला, काठोकाठ पाण्यानं भरून माझ्यात कोंबला. वर दोन फिरकीचे तांबे.

"अगं, पाणी बघाय चाललोय आपण!" धर्मपालनं कपाळावर हात मारला.

"असू द्या की. तितलं आटलं तर?"

मावळातल्या एका लहानशा स्टेशनावर आम्ही पहाटे उतरलो. डोंगर चढून, माथ्यावरची धार ओलांडून पलीकडच्या गावी संध्याकाळी पोचायचं, असा दिवसभराच्या चालीचा बेत होता. उजाडलं तेव्हा आम्ही चढणीला लागलो होतो आणि खरंच, काय ते पाणी! कातळातून झिरपतंय, गवतातून पळतंय, वाटेवरच आडवं येतंय. धर्मपाल सारखा वळून बायकोच्या तोंडाकडे बघायचा. ती प्रत्येक झऱ्याशी थांबायची, बोटं बुडवायची, पण हसायची नाही.

"ह्याची राखण कोण करतं?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाय."

"मग जातं कुटं?"

"खाली, नदीला."

"नुसतंच?" ती म्हणाली आणि तिनं माझ्यावरून हात फिरवून आतला डबा चाचपला. हलका झाला नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

शेवटच्या झऱ्यापाशी वाट अगदी खडी झाली. मी ताडपत्रीची असले म्हणून काय झालं, शिवण शेवटी सुतळीचीच. माझा उजवा बंद टर्रकन उसवला आणि मी धर्मपालच्या पाठीवरून एका अंगाला लोंबकळले. तो घसरता घसरता वाचला. आधीच दमलेला, त्यात पायात कारखान्याचे जड बूट. त्याचा संयम सुटला.

"वत ते पाणी! आता तरी वत. ती बघ, खिंडीतनं समोर कौलं दिसत्यात. आलंच की गाव!"

इथंच आम्ही चुकलो बघा. आमच्या सोलापूरकडची माणसं डोळ्यांनी वाट मोजतात. सपाट माळावर गाव दिसलं की गाव आलंच समजा. डोंगरात समोर दिसतं त्याच्या आणि आपल्या मध्ये अख्खी दरी पडलेली असते, हे आम्हाला कुठलं माहीत!

मीनाबाईनं डबा पोटाशी धरला. "मी घिते डोक्यावर. पर वतायचं न्हाय."

"मग आलो कशाला आपण हितं? चल माघारी! तुझं हे काय जायचं न्हाय."

ज्या दाभणानं मला शिवलं, तो सुतळीसकट माझ्याच कप्प्यात राहून गेला होता, तो मीनाबाईनं काढला. तिथंच दगडावर बसून तिनं माझा बंद जोडला. टाका वेडावाकडा, पण असा घट्ट की मला कळ आली. दात लावून सुतळी तोडत ती म्हणाली, "माघारी न्हाय जायचं. तुमचं मन मोडायचं न्हाय मला. पर पाणी बी सांडायचं न्हाय."

डबा डोक्यावर घेऊन ती पुढं निघाली आणि तो मला घेऊन तिच्या मागं.

वर धारेवर पोचलो आणि दरी दिसली. वाट तिला वळसा घालून उघड्याबोडक्या कातळावरून लांबच लांब जात होती. झाड नाही, झरा नाही, वर ऑक्टोबरचं ऊन. कौलं होती तिथंच होती. तांबे बघता बघता रिकामे झाले. दुपार कलताना धर्मपालला घेरी आली आणि तो मटकन खाली बसला. मीनाबाईनं डबा उतरवला, बूच काढलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्यानं घोट घोट पाजलं.

पाणी पोटात गेल्यावर तो रडायलाच लागला. "आईला बी असंच कुणी पाजाय पायजे हुतं," तो म्हणाला.

मीनाबाईचा हात थांबला. "मी रांगंत हुते वो," ती कशीबशी म्हणाली.

"ठावं हाय मला. तुझ्यात काय कसूर न्हवती, मीना. मी कवा बोललोच न्हाय हे, त्योच माझा गुन्हा."

मग तीही रडली. मी मध्ये पडून होते, दोघांचीही आसवं माझ्यावर पडली.

अंधारायच्या आत आम्ही गावच्या ओढ्याला लागलो. धर्मपालनं बूट काढले तर टाचा सोलून लाल झालेल्या. मीनाबाईनं डबा उचलला. ओढा हाताशी वाहत होता, तरी तिनं आपलंच पाणी घेतलं आणि त्याच्या पायांवर सावकाश ओतलं. सगळं. पाणी बोटांमधून, वाळूतून ओढ्यात मिसळत होतं आणि ती बघत होती. तिनं ते अडवलं नाही.

"मीना, पाणी सांडतंय," धर्मपाल हळूच म्हणाला.

"सांडू द्या की," ती म्हणाली.

परतीला मी हलकी होईन असं मला वाटलं होतं. छे! बाईनं डबा ओढ्याच्या पाण्यानं भरून घेतला. "भीमाबाईला दावायला नको व्हय?" भीमाबाईला दाखवून उरलेलं तिनं चाळीत दारासमोरच्या कडुलिंबाला घातलं. पुढं आम्ही पुष्कळ डोंगर हिंडलो. डबा बरोबर असायचाच. तो ओत, असं धर्मपाल पुन्हा कधी म्हणाला नाही. घरातले चहाचे कप मात्र रिकामे राहू लागले.

आता धर्मपाल नाही. मी खुंटीला टांगलेली असते, पोटात जुन्या चपला. परवा सुनेनं मला खाली काढलं आणि म्हणाली, "हा बंद किती ओबडधोबड शिवलाय! उसवून नीट करून आणते." मीनाबाईनं मला तिच्या हातातून घेतलं आणि चपला तेवढ्या काढून दिल्या.

म्हणून मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूचा वाकडा टाका उसवायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. मला वास येतो, कबूल. मला खुशाल धुवा. फक्त धुतलेलं पाणी कडुलिंबाला घाला. मीनाबाई अजून दारात बसून पाणी कुठं जातं ते बघत असते.